घरगुती मसाले आणि फराळाचा व्यवसाय : पहिल्या तीन वर्षांतल्या चुका आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या गावभागात २०१६ च्या गुढीपाडव्याला मी कांदा-लसूण मसाला विकायला सुरुवात केली. पुढे भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ आला. आज आम्ही सहा जणी मिळून हे काम करतो. "ताई, मलाही सुरू करायचंय, काय काय सांभाळू?" असे फोन सतत येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

उत्तरांआधी एक सांगते. माझ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच सवय होती : अंदाज. मीठ चिमटीनं, तिखट हातानं, पीठ डोळ्यांनी मोजणं ही आई-आजीकडून आलेली विद्या आहे आणि स्वयंपाकात तिला तोड नाही. मी तोच अंदाज पैशाला, वजनाला आणि दिलेल्या शब्दालाही लावला, आणि तिथे तो चालला नाही.

सगळ्यात महाग पडलेली चूक कोणती?

स्वतःची मजुरी न धरणं. हे उत्तर लांब आहे, पण आकड्यांशिवाय पटत नाही, म्हणून २०१७ च्या दिवाळीचा चकलीचा हिशोब जसाच्या तसा देते.

मी चकली २४० रुपये किलोनं दुकानात ठेवली. दुकानाचं कमिशन २० टक्के, म्हणजे ४८ रुपये. माझ्या हाती १९२. भाजणी आणि तेल मिळून किलोला साधारण ८५ रुपये लागतात हे मला माहीत होतं, त्यामुळे मागे १०७ रुपये राहतात असं मी धरून चालले आणि खूश होते.

दिवाळी झाल्यावर नणंदेनं समोर बसवून एकेक गोष्ट लिहायला लावली. तीळ, ओवा, तिखट, मीठ १२ रुपये. तळून काळं पडलेलं, फेकून द्यावं लागलेलं तेल १५. गॅस १५. पिशवी आणि लेबल १०. इथेच ८५ चे १३७ झाले. तुटलेल्या, करपलेल्या, चवीला वाटलेल्या चकल्यांचे १३ धरले, म्हणजे १५०. १९२ मधून १५० गेले, राहिले ४२.

एक किलो चकली मळून, पाडून, तळून, गार करून भरायला मला सव्वा तास लागत होता. तेव्हा मदतीला येणाऱ्या बाईंना मी तासाला ६० रुपये देत होते, म्हणजे सव्वा तासाचे ७५ होतात. मला मिळाले ४२. तासाला चौतीस रुपयेसुद्धा नाहीत. त्या दिवाळीत मी १४० किलो चकली केली : १७५ तास कढईसमोर, आणि सगळं मिळून ५,८८० रुपये. मी नफ्यात नव्हतेच, स्वतःला अर्ध्या मजुरीवर राबवत होते. शिवाय त्या भावानं हाताखाली माणूस ठेवणंही शक्य नव्हतं, कारण तिला ७५ दिले की किलोमागे ३३ रुपये तोटा. ज्या किमतीत तुमच्या जागी दुसरी बाई पगारावर ठेवता येत नाही, त्या किमतीत व्यवसाय वाढतच नाही. तुम्ही आजारी पडलात की तो बंद.

आता कुठलाही नवा पदार्थ काढण्याआधी मी पाच किलो करून बघते. शेजारी घड्याळ आणि वही. गॅसच्या सिलिंडरवर लावल्याची तारीख लिहिते. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं आणि डाळी-तेलाचे भाव बदलले की फक्त आकडे बदलायचे.

दुकानदाराचं कमिशन किमतीत कसं धरायचं?

इथे जवळजवळ सगळ्याजणी चुकतात, मीही चुकले. समजा मजुरी आणि थोडा नफा धरून तुम्हाला किलोचे २६० रुपये हातात हवेत आणि कमिशन २० टक्के आहे. आपण २६० मध्ये २० टक्के मिळवतो आणि ३१२ छापतो. दुकानदार २० टक्के कापतो ते ३१२ वर. म्हणजे ६२ रुपये ४० पैसे जातात आणि हाती २४९ रुपये ६० पैसे येतात. किलोमागे दहा रुपये गेले, आणि कुणी फसवलेलंही नाही.

बरोबर रीत भागाकाराची : २६० ला ०.८० नं भागा. ३२५ येतात. ३२५ चे २० टक्के ६५, ते वजा करून २६०.

ओळखीचे लोक भाव कमी करायला सांगतात. काय करावं?

भाव एकच ठेवा. ज्यांच्यावर जीव आहे त्यांना वर्षातून एकदा अर्धा किलो मेतकूट तसंच, पैसे न घेता द्या. भेट द्यायची ती पूर्ण द्यावी. एकीला २० रुपये कमी केले की ते दुसरीला कळतं आणि मग दोघीही दुखावतात.

दुकानात उधारीवर माल द्यावा का?

पहिला माल रोखीनं. दुसऱ्यापासून उधारी द्यायची असेल तर मागचे पैसे आल्यावरच पुढचा माल. हा नियम मी १८,४०० रुपयांना शिकले.

२०१७ च्याच दिवाळीत शेजारच्या गावातल्या एका दुकानानं १८,४०० रुपयांचा फराळ उचलला. कागद काहीच नाही, "दिवाळी झाली की देतो" एवढा शब्द. पैसे पाचशे-हजार करत पुढच्या गणपतीपर्यंत येत राहिले. ३,९०० आलेच नाहीत. वर सांगितलेल्या चकलीच्या ५,८८० पुढे हा आकडा ठेवून बघा.

आता माल देताना दोन प्रतींत चलन करते : वजन, भाव, पैसे देण्याची तारीख आणि घेणाऱ्याची सही. "विकला तर पैसे, नाहीतर परत" ही अट मसाल्याला एक वेळ चालते. फराळाला मुळीच मान्य करू नका. भाऊबीजेनंतर परत आलेल्या करंजीचं काय करणार?

कायदाही आपल्या बाजूनं आहे, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यासाठी सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. मात्र माल देण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, झालेली हवी. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे आणि आधार क्रमांकावर घरबसल्या होते. तिच्यासाठी कुणी दोन-अडीच हजार मागितले तर देऊ नका.

सुरुवात कोणत्या महिन्यात करावी?

काय करणार आहात त्यावर ठरतं. आपल्याकडे हे पंचांग आधीच आखलेलं आहे. मिरचीची नवी आवक फेब्रुवारी-मार्चमध्ये, कांडप आणि वाळवणं चैत्र-वैशाखात, कैरीचं लोणचं मिरगाच्या आसपास, फराळ आश्विनात. यात पैशाचं गणितही आहे. बेडगी आणि संकेश्वरी मिरची वर्षाची एकदम भरावी लागते, म्हणजे उन्हाळ्यात अडकलेले पैसे पुढच्या थंडीपर्यंत थोडे थोडे सुटतात. पहिल्या वर्षी सगळी पुंजी मिरचीत घालून मी बसले आणि जूनमध्ये पिशव्या घ्यायला पैसे नव्हते.

पण माझी खरी चूक पावसाची. २०१८ च्या जुलैत उन्हाळ्यातला मसाला संपला आणि मागणी सुरू होती. नाही म्हणवलं नाही. २२ किलो मसाला नव्यानं केला. कांदा-लसूण मसाल्याचा सगळा टिकाऊपणा कांदा किती सुकला यावर असतो. एप्रिल-मेमध्ये चिरलेला कांदा कडक उन्हात वाळवून मग तळतो. जुलैत ऊन कुठलं? मी कांदा नुसता जास्त वेळ तळला. रंग छान आला, हाताला कोरडा वाटला. आत ओल होती. ऑगस्टमध्ये पाकिटांत बुरशी धरली.

लिज्जत पापडाच्या सुरुवातीची हकीकत मी तेव्हा नव्यानं वाचली. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टोव्ह विकत घेतला : खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. इतक्या साध्या युक्तीनं पाऊस निभावला. मला त्यातलं आधीचं वर्ष जास्त मोलाचं वाटतं. वाळत नाही हे दिसल्यावर त्या थांबल्या. हाताशी इतके थोडे पैसे असताना चार महिने थांबायला किती धीर लागला असेल! मी एक महिनाही थांबले नाही.

आता आमच्याकडे वाळवणी यंत्र आहे. तरीही जून ते सप्टेंबर कांद्याचा मसाला आम्ही करत नाही. उन्हाळ्यातला संपला तर संपला.

खराब माल ग्राहकाच्या घरात पोहोचल्यावर काय केलंत?

अर्ध्या किलोची ४४ पाकिटं गेली होती. पहिला फोन आला त्या रात्री झोप लागली नाही. कुणाच्या घरी लहान मूल, कुणाच्या घरी आजारी माणूस. सकाळी वही काढली तर ३१ घरांपैकी १९ घरांचीच नावं सापडली. बाकीची पाकिटं एका दुकानातून गेलेली. १९ जणींना फोन केले : "मसाला वापरू नका, पैसे आणून देते." उरलेल्यांसाठी तीन संध्याकाळी त्या दुकानात उभी राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकीला विचारलं. ३८ पाकिटं परत आली, १८० रुपयांप्रमाणे ६,८४० रुपये परत केले. सहा पाकिटांचा पत्ता लागला नाही, ती अजून मनात आहेत.

त्या १९ जणींपैकी बहुतेक आजही आमच्याकडून मसाला नेतात. पण त्यासाठी मी फोन केले नव्हते.

तेव्हापासून प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी केलेल्या मालाला, क्रमांक आहे आणि तो पाकिटावर छापतो. प्रत्येक घाण्यातली पाच पाकिटं बाजूला ठेवून पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक उघडून वास, रंग, चव बघतो. "किती महिने टिकतं" हे पाकिटावर छापण्याआधी आपल्या घरात, आपल्या हवेत पाहिलेलं हवं. भाजणी किंवा मेतकूट कोमट असताना पिशवीत भरलं तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

किती पदार्थांनी सुरुवात करावी?

तीन. मी २१ प्रकारांची यादी छापली होती. त्यातले चार चालले आणि बाकीच्यांच्या डाळी, पिशव्या, लेबलं वर्षभर कपाटात पडून राहिली.

परवाना, लेबल, वजनकाटा यांचं काय?

घरगुती असलं तरी खाद्यपदार्थ विकायला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना साधी नोंदणी पुरत होती आणि शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. मर्यादा आणि नियम बदलत असतात, अर्ज भरताना त्या दिवशीचे पोर्टलवर पाहा. १४ आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर हवा.

लेबलावर पदार्थाचं नाव, घटक (जास्त प्रमाणात असलेला आधी), शाकाहाराचं हिरवं चिन्ह, निव्वळ वजन, घाणा क्रमांक, तयार केल्याची आणि कधीपर्यंत वापरावा ती तारीख, सर्व करांसह किंमत, प्रति ग्रॅम किंमत, आपलं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. शेंगदाणे, तीळ, गहू असतील तर ते ठळक लिहा, एखाद्याच्या जिवाशी गाठ असते. मी पहिली दोन हजार लेबलं घाईनं छापली आणि त्यांवर महिना-वर्षासाठी जागाच नव्हती. सगळी रद्दीत गेली. पहिल्यांदा शंभरच छापा.

वजनाबाबत माझ्याकडून जे झालं त्याची खंत वाटते. मी स्वयंपाकघरातला छोटा काटा वापरत होते आणि पिशवीसकट २५० ग्रॅम भरत होते. पिशवी १२ ग्रॅमची. म्हणजे ग्राहकाला २३८ ग्रॅमच मिळत होते. एका निवृत्त शिक्षकांनी घरी मोजून शांतपणे दाखवून दिलं. निव्वळ वजन म्हणजे पिशवी सोडून आतल्या मालाचं वजन. विक्रीसाठीचा इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो, आणि पाकीटबंद माल भरणाऱ्यांची नोंदणीही त्याच विभागाकडे असते.

दळण बाहेरच्या गिरणीत दिलं तर चालतं का?

चालतं, पण आधीचं पीठ जात्यात राहतं हे विसरू नका. आमची उपवासाची भाजणी एकदा गव्हानंतर दळली गेली. आषाढी एकादशीला एका आजींना थालीपीठ थापताना पिठात गव्हाचा कोंडा दिसला. त्यांचा उपवास मोडला तो माझ्या हातून. गिरणीवाल्यांचा यात काही दोष नव्हता, मी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर आधी किलोभर वरी दळून ती बाजूला काढायची आणि मग आपलं दळण, असं सुरू केलं. आता उपवासाच्या पिठांसाठी वेगळी घरघंटी आहे.

जीएसटी कधी लागतो?

फक्त महाराष्ट्रात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही. पण माल राज्याबाहेर विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. आम्हा सांगलीकरांना हे पटकन लक्षात येत नाही. बेळगाव आमच्यासाठी माहेर-सासरचं गाव, आणि मी तिकडे पाकिटं पाठवत राहिले. कर-सल्लागारांनी सांगितल्यावर थांबवलं, नोंदणी केली आणि मग बेळगाव-मडगावची मागणी घेतली. कंपोझिशन योजना (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची) सोपी आहे, पण त्यात राज्याबाहेर विकता येत नाही, हे ती निवडण्याआधी बघा.

मैत्रिणीबरोबर भागीत सुरू करावं का?

करा, पण पहिल्या दिवशी कागद करा. माझ्या मैत्रिणीनं २५,००० रुपये घातले. कृती माझी, मेहनत माझी, बाजारहाट माझा. काय कुणाचं हे कधी बोललोच नाही. वर्षअखेरीस तिनं निम्मा नफा मागितला तेव्हा मला फार लागलं. नंतर कळलं की ती चूक नव्हती. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो, मग भांडवल कुणी किती घातलं ते बघत नाहीत. आणि वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा पगारही मागता येत नाही. म्हणजे माझे सगळे तास कायद्याच्या लेखी शून्य.

कोण किती पैसे घालणार, कामाचा पगार कुणाला किती, नफा कसा वाटायचा, एकीला बाहेर पडायचं असेल तर काय, आणि नाव व कृती कुणाकडे राहणार, एवढं लिहून दोघींनी सह्या करा. बोलताना संकोच वाटतो. आम्ही त्या संकोचापायी दोन वर्षं एकमेकींशी बोललो नाही. आता बोलतो, पण व्यवसाय वेगवेगळे आहेत.

कर्ज काढून यंत्र घ्यावं का?

आधी भाड्याच्या कांडपावर दोन उन्हाळे काढा. मी पहिल्याच वर्षी मुद्रा योजनेतून कर्ज घेऊन मसाला कांडप यंत्र आणलं. शिशु गटात ५०,००० पर्यंत तारण लागत नाही, त्यामुळे कर्ज मिळणं अवघड नव्हतं. यंत्र आल्यावर कळलं की त्याला थ्री-फेज वीज लागते आणि आमच्या घरात सिंगल-फेज आहे. वीजजोडणी होईपर्यंत मिरचीचा हंगाम संपला, हप्ते मात्र सुरू झाले. वर मिरचीच्या ठसक्यानं शेजारच्या घरातल्या बाळाला त्रास झाला, तेव्हा गावाबाहेर गाळा शोधावा लागला. यंत्राच्या किमतीआधी वीज, जागा, आवाज आणि ठसका हे चार विचारून घ्या.

विमा लागतो का?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. ६० किलो मसाला, भाजणीच्या डाळी, पिशव्यांचे गठ्ठे, सगळं गेलं. घराचा विमा होता, मालाचा नव्हता. वर्षाचा हप्ता मी वाचवलेला खर्च समजत होते. आता विमा आहे, आणि जुलै लागला की माल वरच्या मजल्यावर जातो.

तुम्ही वही कशी ठेवता? नमुना मिळेल का?

दोनशे पानी साधी वही. डाव्या पानावर घाणा : क्रमांक, तारीख, काय केलं, किती किलो, कोणती मिरची कुठून आणि काय भावानं, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, कोण कोण कामाला. उजव्या पानावर त्याच घाण्याची पाकिटं कुणाकडे गेली, फोन, पैसे आले की बाकी. घरखर्चाची नोंद यात कधीच नाही. बँकेचं खातंही वेगळं, आणि दर महिन्याच्या एक तारखेला माझा पगार त्या खात्यातून माझ्या घरच्या खात्यात जातो. पहिल्यांदा तो २,५०० रुपये होता. ते पान मी जपून ठेवलं आहे. सांगलीला आलात तर वही दाखवेन, हवी तर त्या पानांचा फोटो काढून न्या.